फ्रेंचच्या वर्गातली एक जागा

“फ्रेंच काय या लोकांच्या बापाची आहे?” मी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर हात आपटून ओरडले. आवाज ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडला पोचला असणार. सानपाड्याची कबुतरं तर त्या दिवशी जी उडाली, ती अजून परतलेली नाहीत.

आज समान संधी समितीची अध्यक्ष म्हणून विषयांच्या याद्यांवर सह्या करताना झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची ती केबिन समोर उभी राहिली. घरी इंग्रजी बोलणाऱ्यांना फ्रेंच, बाकीच्यांना संस्कृत, असा तेव्हा आमच्या शाळेचा अलिखित नियम होता. कोपरखैरण्याची सुजाता मराठी माध्यमातून आलेली, वडील तुर्भ्याला फिटर. तिच्या फ्रेंचमधल्या जागेसाठी मी, तिची वर्गशिक्षिका, राजीनामाच लिहून नेला होता.

“घ्या तिला, पण ओरडू नका!” बाई कान झाकून म्हणाल्या.

सुजाता दाराबाहेरच उभी होती. “जिंकलो गं! उद्यापासून तू फ्रेंचला!” मी तिला गदागदा हलवलं.

ती जे बोलली ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता मात्र प्रत्येक सहीला पेन अडतं.

“मला संस्कृत हवं होतं, मॅडम.”