दुप्पट टाकीचे पाय

वेल्डर मिस्त्रींना चिडायला फारसं काही लागत नसे, पण भाऊजींपुढे तेही उघड जमत नसे. थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा पडला. शब्द तोंडापर्यंत आला तरी गिळायचा.

भाऊजी मुलींच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक. तिथल्या टाकीचा लोखंडी स्टँड बारा वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच केलेला. मुली वाढल्या तशी भाऊजींनी लांबी, रुंदी, उंची सगळ्यात दुप्पट अशी नवी टाकी परस्पर आणली.

"जुन्या स्टँडचं माप घ्या आणि सगळं दुप्पट करा. डोकं चालवायचं कामच नाही!"

"भाऊजी, पाणी आठपट होईल. पाय दुप्पट जाड केले तरी ताकद चौपटच वाढणार."

"दुप्पटीचे आठ कुठून काढलेत?"

मिस्त्रींनी ताईच्या स्वयंपाकघरातून काडेपेट्या आणल्या. दोन शेजारी, दोन मागे, वर तेवढ्याच चार. भाऊजींनी बोट लावून मोजल्या.

"हं. पण हे तुमच्या फुटांत. मीटरमध्ये मोजलं तर आकडा लहान येईल ना?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "अहो, फुटांत मोजा, मीटरमध्ये मोजा, नाहीतर वितीने मोजा! आकडा बदलेल, टाकी थोडीच बदलणार? आठपट ते आठपटच!"

भाऊजींना ते लागलं. त्यांनी दुसऱ्या वेल्डरकडून स्टँड करून घेतला. सगळं दुप्पट.

पाणी सोडलं त्या सकाळी ताईचा फोन आला. "अरे, तो स्टँड कुरकुरतोय. हे ऐकत नाहीत."

मिस्त्री पोहोचले तेव्हा टाकी पाऊण भरली होती आणि एक पाय चक्क बाहेर वाकला होता. त्यांनी धावत जाऊन पाणी बंद केलं, खालचा नळ पूर्ण सोडला.

"कुणाला विचारून?" भाऊजी ओरडले.

या वेळी मिस्त्रींनी काही गिळलं नाही. "खाली मुली कपडे वाळत घालताहेत, दिसत नाही? आधी त्यांना हलवा!"

भाऊजींनी त्या पायाकडे पाहिलं आणि ते मुलींना हाका मारत सुटले.

चार दिवस धुसफुसत मिस्त्रींनी वाकलेला पाय बदलला, तसलेच आणखी चार जोडले, आडव्या पट्ट्या मारल्या. टाकी काठोकाठ भरली; स्टँडने हूं की चूं केलं नाही.

"काही विशेष नाही," भाऊजी स्वयंपाकीणबाईंना सांगत होते, "मीच म्हटलं, थोडा आधार वाढवून घेऊ."

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी धाडकन बंद केली. ताई चहा घेऊन मध्ये उभी राहिली, म्हणून बरं.