बाबांचा पाव फेरा

माझ्या सासऱ्यांनी माझं इडलीपात्र बळकावलं. नवं आणलं, तेही गेलं. बाबांचं म्हणणं असं, की गाडीतला डिझेल पंप उघडला की त्यातले बारीक भाग ज्या क्रमानं निघाले त्याच्या उलट्या क्रमानं बसवावे लागतात, आणि ओळीनं मांडून ठेवायला इडलीच्या खळग्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. "इडल्या काय, वाटीतसुद्धा होतात," असं वर मलाच ऐकवायचे.

निवृत्त होईपर्यंत या गृहस्थांनी हातात पाना धरलेला नव्हता. सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. सासूबाई गेल्यावर घरात करमेना, म्हणून कुणाचीतरी जुनी डिझेल जीप घेऊन आले आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून त्यांनी निष्कर्ष काढला, की इंजिनला डिझेल मोजून देणारा जो पंप असतो, तो कंपनीनं मुद्दाम कंजूष लावलाय. "ही गाडी घाबरट लोकांसाठी बनवली आहे. मी घाबरट नाही," हे वाक्य मी जेवताना किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. गाडीची फेरनोंदणी तोंडावर आली होती. त्या तपासणीत धूर जास्त निघाला तर ती थेट भंगारात जाणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी हात स्वस्थ बसत नव्हते.

बरं, हे उद्योग पार्किंगमध्ये करावेत ना. तर तेही नाही. पंपात धुळीचा कण गेला तर पंप संपला, म्हणून ते काम माझ्या ओट्यावर. मी चिडले की शांतपणे म्हणायचे, "अगं, घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तुझा ओटा आहे. यात रागावण्यासारखं काय आहे?" आता या कौतुकाचं करायचं काय? हिंजवडीहून दीड-दोन तास ट्रॅफिक खाऊन घरी यावं, तर ओट्यावर पंप आणि चहाला डिझेलचा वास. सुती फडक्याचे धागे सुटतात म्हणून माझी जॉर्जेटची ओढणी कापून त्याची फडकी केली होती. विचारलं तर म्हणाले, "तू ती घालत नव्हतीस." घालत नव्हते, हे खरं आहे. पण म्हणून कापायची?

पंपाच्या मागे एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की डिझेल जास्त जातं आणि गाडीला जोर येतो. जरा जास्त झालं की काळा धूर. बाबा तो एका वेळी पाव फेराच फिरवायचे. आपण फार संयमी आहोत, अशी त्यांची समजूत होती. पाव फेरा फिरवायचा, बोपदेव घाटात गाडी नेऊन बघायची, परत येऊन म्हणायचं, "अजून पाव फेरा पाहिजे." आणि प्रत्येक वेळी स्क्रू कुठे थांबला ते कळावं म्हणून पंपावर रेघ ओढायची. कशानं? माझ्या नेलपॉलिशनं. दर वेळी वेगळी बाटली, म्हणजे घोळ नको. सोसायटीत लोक त्यांना धूरवाले काका म्हणायला लागले. लिफ्टमध्ये बोलणी खायला मी होतेच.

शेवटी निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्पष्ट सांगितलं, "बाबा, तपासणीत नापास झाली तर मी स्वतः गाडी भंगारात देऊन येईन." बाबा एरवी एकाला चार ऐकवणारे. त्या दिवशी फक्त म्हणाले, "मग मी दिवसभर करू काय? तुमच्या टीव्हीकडे बघत बसू?" आणि गॅलरीत निघून गेले. मला फार वाईट वाटलं. राग आला होता तो राहिलाच, पण वाईटही वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. बॉनेट उघडं होतं. स्क्रूच्या चारी बाजूंना चार रेघा.

"यातली मूळची कुठली गं?"

"अहो, तुम्हीच ओढल्यात ना?"

"सगळ्या लालच आहेत," बाबा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. एक मरून, एक राणी, एक चेरी, एक गाजरी. यांना सगळ्या लाल. मरून माझ्या लग्नातली, तीच बाटली सगळ्यात आधी पळवलेली, म्हणजे कंपनीनं लावलेली जागा तीच. "ही," मी दाखवली, "इथे आणा." त्यांनी पाना लावला आणि तेव्हा मला दिसलं, की पाना स्क्रूवर टेकतच नाहीये. हात थरथरत होता. बहुधा बरेच दिवस थरथरत असावा. ओट्यावर काम करताना ते माझ्याकडे पाठ करून का उभे राहायचे, ते मला त्या वेळी कळलं. मी पाना घेतला आणि स्क्रू मरून रेघेवर आणून ठेवला. "घट्ट कर," एवढंच म्हणाले.

गाडी पास झाली. त्यानंतर चालवायची मी आणि शेजारी बसून चुका काढायचे ते. घाटात रिक्षा मागे टाकून गेली की माझ्याकडे नुसतं बघायचे. मी म्हणायचे, "बाबा, मुळीच नाही." गेल्या वर्षी ते गेले. शेवटी शेवटी हातात चमचाही धरवत नव्हता, तरी दवाखान्यात मला विचारलं, "गाडी दर आठवड्याला सुरू करतेस ना?" करत होते. काय करणार?

परवा एकटीच बोपदेव घाटानं वर चालले होते. दुसऱ्या वळणावर गाडीला दम लागला. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून पुढे गेला आणि जाताना हसला. मी कडेला थांबले, बॉनेट उघडलं, पाना काढला आणि बाबांना मनातल्या मनात चार शब्द सुनावत स्क्रू पाव फेरा आत घातला. मग पर्स धुंडाळली. जांभळी नेलपॉलिश सापडली. म्हटलं, बाबा, ही तरी तुम्हाला लाल दिसणार नाही. नीट रेघ ओढली, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि गाडी सुरू केली. मागे बराच धूर निघाला.