निडीला उतरलेली मुलगी

प्रिय अन्वी आणि ईशान,

परवा फोनवर अन्वी म्हणाली, "आजी, सोमवारपासून नवीन सेम. माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये." मागून ईशान ओरडला, "दर वेळी हेच नाटक असतं हिचं!" आणि मी काय म्हणाले? "काही होत नाही गं. दूध पी आणि जा." फोन ठेवला आणि दुपारभर ते वाक्य मला बोचत राहिलं. हेच वाक्य मी पूर्वी एका मुलीला ऐकवलं होतं आणि तिनं मला त्याचं चोख उत्तर दिलं होतं. ते उत्तर विसरून मी पुन्हा तेच बोलले. म्हणून आज टेबल आवरून, चष्मा पुसून हे लिहायला बसले आहे. सोमवारच्या आत तुमच्यापर्यंत पोचायला हवं. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

ती मुलगी कामाला बसण्याआधी उजवा हात समोर धरायची, पाचही बोटं पसरून, आणि त्यांच्याकडे बघत राहायची. बोटं स्थिर असली की ब्रश उचलायची. नसली की म्हणायची, "आज हात नाय, मामा."

आपल्या पेणच्या घरासमोरचा गणपतीचा कारखाना तुम्हाला आठवत असेल. ईशाननं तिथून मातीचा उंदीर उचलून खिशात घातला होता, तोच. कारखाना तिच्या मामांचा. ती डोळ्यांची आखणी करायची. मूर्तीचं बाकी सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे. ते सगळ्यांना जमत नाही. रेघ केसाएवढी जाड झाली तरी देव रागावलेला दिसतो, खाली घसरली तर झोपाळलेला. तिच्या हातचे डोळे शांत असायचे. मुंबईचे व्यापारी येऊन मामांना विचारायचे, "आखणी भाचीचीच ना?"

तिचं नाव मी लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. माहेर खाडीकाठच्या गावात. आजोबा मिठागरात राबले, वडील डोलवीला कंपनीत कंत्राटावर, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. ती पेणला मामांकडे राहून रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि आता रसायनशास्त्र इंग्रजीतून. म्हणून ती संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे साऱ्या आळीची मी मॅडम.

आता अडचण अशी, की नवीन सेमिस्टर जूनमध्ये सुरू होतं आणि कारखान्यात आखणीचं काम त्याच सुमारास जोर धरतं. सेम सुरू व्हायच्या आधी आठ दिवस तिचा हात थरथरायला लागायचा. मामा कपाळाला हात लावायचे. "कालेजची घंटा रोह्याला वाजते नि माझे गणपती इथं आंधळे राह्यतात!" कामगार हसायचे. तीही हसायची, पण हात पाठीमागे लपवून.

दुसऱ्या वर्षाचा पहिला दिवस. ती सकाळच्या गाडीनं गेली आणि दुपारी बाराच्या आत परत कारखान्यात हजर.

"लवकर सुटलं गो?" मामांनी विचारलं.

"व्हय. पयला दिवस ना."

मी व्हरांड्यात पेपर वाचत होते. मला हिशोब लागेना. रोह्याला जाऊन, वर्ग करून बाराला परत? संध्याकाळी आली तेव्हा मी विचारलं, "टाइमटेबल दाखव बघू." पहिल्या दिवशी सगळी मुलं फळ्यावरच्या टाइमटेबलचा फोटो काढतात, एवढं मला ठाऊक होतं. तिच्या फोनमध्ये फोटो नव्हता. ती रडली नाही. म्हणाली, "मी निडीला उतरले, मॅडम."

पेणहून निघालं की कासू, मग नागोठणे, मग निडी, आणि मग रोहाच. म्हणजे अगदी दारात जाऊन ही उतरली होती आणि परतीची गाडी येईपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिली होती.

"का पण?"

"नागोठण्यापर्यंत काय नाय होत. निडी आलं की डोक्यात सुरू होतं. आता नवीन सर येणार. एकेकाला उठवून इंग्लिशमधी विचारणार, नाव काय, कुठून येता, पुढं काय करायचंय. नाव येतं. गाव येतं. तिसऱ्याचं उत्तर मलाच ठाव नाय."

पहिल्या वर्षी तिला एका विषयात केटी लागली होती. म्हणजे नापास झालेला पेपर पुन्हा द्यायचा, पण पुढच्या वर्गात बसता येतं. वडिलांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "एक झाली, सोडून दिली. दुसरी लागली की कालेज बंद. मामाकडं बस, तुझ्या हातात कला हाय." ते वाक्य घेऊन ती रोज गाडीत चढत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. रोह्याला एका मैत्रिणीकडे काम आहे, असं खोटंच सांगितलं. निडी आलं तशी तिनं खिडकीची दांडी धरली. मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "अगं, काही होत नाही."

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्हाला नाय होत, मॅडम. मला होतं."

मला राग आला होता, खरं सांगते. मग गाडी हलली आणि तो राग ओसरला. माझ्या शाळेत जूनच्या पहिल्या दिवशी मी हजेरी घेऊन लगेच पहिला धडा सुरू करायचे. वेळ वाया घालवायचा नाही, हा माझा नियम. त्या मुलींच्या चेहऱ्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. रोहा आलं. ती उतरली, ओढणी सारखी केली आणि चालायला लागली. मागे वळून म्हणाली, "उद्या नका येऊ. मैत्रीण कंटाळेल तुमची."

ते वर्ष तिनं काढलं. मग तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष उजाडलं, आणि ते सगळ्यांत वाईट. आधीच्या सेमचा निकाल लागला नव्हता आणि नवीन सेम सुरू झालं होतं. मुलं वर्गात बसत होती, पण आपण पास आहोत की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या वर्गातली मुलं एकमेकांना विचारायची, "लागला का?" आणि कुणी "हो" म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. मग तो "चेष्टा केली रे" म्हणायचा, आणि मार खायचा. ती वहीवर नाव घालत नव्हती. "पाहुणी हाय मी तिथं. पाहुण्यानं भांड्यावर नाव घालायचं नसतं."

तीन आठवडे असे गेले. वडिलांचा दर रविवारी फोन, "लागला?" "नाय अजून."

एका दुपारी ती आखणीला बसली होती. त्या दिवशी हात होता. फोन वाजून लक्ष जाऊ नये म्हणून तो ती माझ्याकडे ठेवून जायची. मी वाटाणे सोलत होते. फोनवर तिच्या मैत्रिणीचा मेसेज आला, निकाल लागल्याचा. तिचा सीट नंबर फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलेला होता. मी पाहायला नको होतं. पण पाहिलं. विद्यापीठाची साइट चार वेळा अडकली. पाचव्यांदा उघडली.

मी फोन घेऊन गल्ली ओलांडली. कारखान्याच्या दारात पोचले तर मामांनी तळहात वर करून मला जागीच थांबवलं. त्या कारखान्याचा एक रिवाज आहे. मूर्तीचा एक डोळा आखला की दुसरा होईपर्यंत आखणारानं उठायचं नाही, आणि त्याच्याशी कुणी बोलायचंही नाही. घरी कुणी गेल्याची खबर आली तरी नाही. "एका डोळ्याचा देव ठेवून कोण उठतं?" मामा म्हणायचे.

तिच्यासमोरच्या मूर्तीचा उजवा डोळा नुकताच झाला होता.

तिनं मान वर केली. तिला माझ्या हातातला फोन दिसला, मग माझा चेहरा. मी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. मला वाटतं तो माझा आयुष्यातला सगळ्यांत वाईट प्रयत्न असेल. कामगार थांबले होते. कुणीतरी रेडिओ बंद केला. तिनं नजर काढून घेतली, ब्रश रंगात बुडवला, टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि दुसऱ्या डोळ्याची रेघ ओढायला घेतली. वरची पापणी, खालची, मग बुबुळ. माझे पाय दुखायला लागले. मला हात दिसत होता, तो हलत नव्हता.

तिनं ब्रश पाण्यात ठेवला. "कितीत?"

पास की नापास, असं विचारलंच नाही तिनं.

"एकात. फिजिकल केमिस्ट्री."

तिनं मूर्ती बाजूला सरकवली. मग म्हणाली, "मामा, पुढचा द्या."

रविवारी तिचे वडील आले. तिनं आधीच फोन करून सांगितलं होतं, ते काम माझ्यावर टाकलं नाही. मामांनी मला बोलावलं, साक्षीदार म्हणून की आधार म्हणून, कोण जाणे. वडील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, कंपनीचे बूट न काढता.

"काय ठरलेलं?"

"दुसरी लागली की बंद."

"मग?"

ते माझ्याकडे वळले. "मॅडम, मी काय दुश्मन हाय काय हिचा? जून आला की जेवत नाय, वाळते. इथं बसली की हात बघा कसा, दगडावानी. मग तिथं कशाला मरायला जायाचं?"

मला तेव्हा कळलं की त्यांची अट ही धमकी नव्हतीच. मुलीला त्या गाडीतून उतरवायचा तो त्यांचा मार्ग होता.

ती म्हणाली, "बाबा, इथं भीती वाटत नाय, कारण हे मला येतं. तिथलं अजून येत नाय. येईल तवर जाऊ द्या."

"नि नाय आलं तर?"

"तर नाय आलं. पण निडीला उतरून कसं कळणार?"

निडीची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. तिनं ती तिथेच सांगितली, मामांच्या आणि कामगारांच्या देखत. वडिलांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग मला म्हणाले, "खरं काय ओ?" मी म्हटलं, "खरं आहे. मी तिच्या शेजारी बसले आहे. भीती अगदी खरी आहे तिची."

ते उठले. "ह्या आठवड्यात रात्रपाळी हाय. सकाळी सुटलो की पेण टेशनात येतो. निडीला कुणी उतरायचंच असल तर मी उतरेन. तू जा पुढं."

आणि आठवडाभर ते खरोखरच निडीला उतरत होते. रात्रभर कामावर उभा राहिलेला तो माणूस परतीच्या गाडीची वाट बघत त्या बाकावर झोपून जायचा. एकदा त्याची गाडीही चुकली. "बाक लय भारी हाय," ते मामांना म्हणाले, "पोरगी उगीच नाय बसली."

तो पेपर तिनं हिवाळ्यात सोडवला. मग पदवी झाली. आता ती पेणमध्ये नाही. लांबच्या एका शहरात एम.एस्सी. करते आहे. आखणीला मामांनी दुसऱ्या एका बाईला बसवलं आहे. त्या बाईंचे गणपती थोडे आश्चर्यचकित दिसतात, पण खपतात. हिनं आखलेले डोळे मात्र कुठेच शिल्लक नाहीत. ते सगळे त्या त्या वर्षी विसर्जनाबरोबर पाण्यात गेले.

गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला होता. मी विचारलं, "आता तरी भीती गेली ना?"

"नाय ओ मॅडम. हाय तेवढीच हाय."

सोमवारी तिचंही नवीन सेम सुरू होतं आहे. पहिलं लेक्चर सकाळी साडेसातला आहे, आणि पहिल्या दिवसाचं लेक्चर तिनं निडीच्या त्या एका खेपेनंतर कधीही चुकवलेलं नाही.