दाराला आजार

माझ्या मुलीला, मोनिकाला, जन्मात कुणी ‘दार लावून अभ्यास कर’ असं सांगितलेलं नाही. आमचं घर शनीच्या शिंगणापुरात आहे आणि घराला दार नाही. लांबून आलेले लोक ही नवलाई बघायला गल्लीत शिरतात, फोटो काढतात, आणि कधी कधी त्या फोटोत मी तांदूळ निवडत बसलेली असते. मी श्रीरामपूरची. माहेरी पुढच्या दाराला कडी आणि मागच्या दाराला अडसर. लग्न होऊन इथे आले तेव्हा कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. आता माहेरी गेले की कडी सरकल्याच्या आवाजानं दचकते.

मोनिका इथलीच. ती जन्मल्यापासून रस्ता आणि घर यांच्यामध्ये एका पायरीचं अंतर. म्हणून असेल, पण बाहेर कितीही गोंधळ चालू असला तरी ती स्वतःपुरती गप्प असते. तिच्या वडिलांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. तेल, काळं कापड, रुईच्या पानांच्या माळा. शनिवारी शेजारच्या दुकानातली पोरं गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जातात. आमची मोनिका तेलाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत बसते. गिऱ्हाईक आपण होऊन आलं तर बाटली देते, नाही आलं तर वाचन चालू.

‘‘मोने, हाक मार की लोकांला,’’ असं हे म्हणाले, की तिचं उत्तर ठरलेलं. ‘‘बघू.’’

जेवतेस का, बघू. पाहुण्यांसमोर ये जरा, बघू. हिला हो किंवा नाही म्हणायला कुणी बंदी घातली आहे की काय, असं मला वाटायचं.

अशा मुलीनं बारावीनंतर एक दिवस स्वतःहून सांगितलं, की तिला नर्स व्हायचंय. पुण्यातल्या एका कॉलेजचं नावही तिनं काढून ठेवलं होतं. बाकी सगळं जमण्यासारखं होतं, फक्त त्या कॉलेजची स्वतःची इंग्रजीची परीक्षा होती. ऐकण्याची एक आणि वाचण्याची एक. दोन्हींत पास झालं तरच प्रवेश. नाहीतर दुकान होतंच, आणि दुकानात बसलेल्या मुलीसाठी स्थळं कशी चालून येतात, ते मला ठाऊक आहे.

मी बी.ए. आहे. विषय अर्थशास्त्र, पण आमच्या गल्लीत ‘बी.ए.’ एवढंच पुरतं. तेव्हा तयारी मी घेणार हे ठरून गेलं. मोबाईलवर ऐकण्याच्या सरावाच्या ध्वनिफिती मिळतात. दुपारी जेवणं आटोपली की मोनिका, मी आणि सासूबाई अशा तिघी बसायचो. सासूबाईंचं नाव छबूबाई. त्यांचं शिक्षण शाळेच्या भिंतीपर्यंत, पण घरात काही चालू असलं आणि त्या तिथे नाहीत, असं होत नाही.

पहिल्याच फितीत आधी तीनदा ठक ठक ठक असा आवाज झाला आणि मग एक बाई बोलू लागली. प्रश्न होता, हे संभाषण कुठे चाललं आहे. मोनिकानं ‘स्वयंपाकघरात’ वर खूण केली.

‘‘स्वयंपाकघर कुठून आणलंस?’’ मी विचारलं.

‘‘कायतरी कुटतायत की सुरुवातीला.’’

‘‘मिरची,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘खलबत्ता लहान हाय, पर मिरचीच.’’

दारावरची थाप होती ती. मोनिकानं टीव्हीवर हजारदा दार ठोठावलेलं पाहिलं असेल, पण तिथे दार डोळ्याला दिसतं. नुसत्या कानाला तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. आमच्याकडे माणूस पायरीपाशी उभा राहतो आणि ‘‘हाय का घरात?’’ म्हणतो. मला त्या दिवशी धसका बसला. इंग्रजी माणसं दार ठोठावल्याशिवाय काही बोलतच नाहीत, असं पुढच्या फिती ऐकून माझं मत झालं. मग मी रोज मध्येच पोळपाटावर बोटांनी ठोकायचे आणि विचारायचे, काय झालं? तिनं म्हणायचं, कुणीतरी आलं. पोळपाटाचा असा उपयोग माझ्या बी.ए.नं मला शिकवला.

दुसरी अडचण समोरच्या पार्किंगची. तिथे दिवसभर कर्ण्यावर एकच वाक्य चालू असतं, ‘गाडी इथं लावा, पार्किंग फुकट, सामान इथंच घ्या.’ एका फितीत विचारलं होतं, दोन मैत्रिणी कुठे भेटणार आहेत. मोनिकानं ‘पार्किंग’ लिहिलं. मी रागावणार तोच उत्तर बघितलं, तर ते खरंच पार्किंग निघालं. हे फितीतून ऐकलं की कर्ण्यातून, तिलाही सांगता येईना. आम्ही त्याला अर्धा गुण दिला.

वाचनात मात्र ती रमली. उताऱ्याखाली विधानं असायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं, खरं, खोटं किंवा सांगितलेलं नाही. हा तिसरा पर्याय मोनिकाला इतका भावला, की जणू तिच्यासाठीच कुणी तो शोधून काढला होता. दोन्हीकडून न बांधलं जाण्याची अशी सरकारमान्य सोय तिला आजवर मिळाली नव्हती. ‘बघू’ मागे पडलं.

‘‘भाजी काय करायची गं?’’

‘‘सांगितलेलं नाही.’’

सासूबाईंनीही ते उचललं. भाऊबीजेला नणंदबाई किती दिवस राहणार, असं मी विचारलं, तर मान न वळवता म्हणाल्या, ‘‘उताऱ्यात सांगितलेलं न्हाई.’’

अशाच एका उताऱ्यात मोनिका अडली. मोठ्यानं वाचत होती, ‘द डोअर वॉज आजार.’

‘‘काय झालं?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘दाराला आजार झालाय, आजी.’’

‘‘बरंय बाई. आपल्याकडं दारच न्हाई, तर आजार कशाला हुतोय.’’

मलाही तो शब्द आठवेना. कोशात बघितलं. अजार म्हणजे किलकिलं, अर्धवट उघडं. आमच्या मुलीला एक तर दार माहीत नाही, त्यात अर्धवट उघडं दार कसं समजावणार? मी कपाटाचं दार थोडं उघडून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘मग नीट लागत नाय म्हना की.’’ तेवढ्यात कर्ण्यानं पार्किंग फुकट असल्याचं पुन्हा सांगितलं, आणि माझा संयम संपला. मी उठले आणि घराच्या तोंडाला गोधडी टांगली.

पडदा आमच्याकडे नवा नाही. कुत्री येऊ नयेत म्हणून लोक फळीही आडवी लावतात. पण भर दुपारी जाडजूड गोधडी, आणि ती खालपर्यंत, हे गल्लीनं पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या भागूबाई पायरीशी आल्या. हातात अंगाऱ्याची पुडी.

‘‘हाय का घरात? पोरीला काय झालंय?’’

मी आत होते. सासूबाई बाहेर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘तिला काय न्हाई. दाराला आजार हाय.’’

भागूबाईंनी एकदा दाराच्या जागेकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे, आणि अंगारा ठेवून गेल्या. मोठ्या घरातली माणसं आजार लपवायला लागली की असंच वेड्यासारखं बोलतात, असं त्यांनी मागच्या गल्लीत सांगितल्याचं कळलं. संध्याकाळी सोनईहून माझ्या चुलतसासूबाईंचा फोन, कावीळ असेल तर तेलकट देऊ नका.

रात्री जेवताना हे चिडले. ‘‘गोधडी काढ ती. उद्या लोक म्हनतील, गोरक्षनं घराला दार बसावलं.’’

‘‘गोधडीला कडी हाय का?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘कोयंडा हाय का? मंग दार कसलं?’’

‘‘अगं आई, मंग म्हनतील पोरगी आजारी हाय.’’

‘‘त्ये तर म्हनतातच.’’

हे बराच वेळ भाकरी मोडत बसले. दार की आजार, एवढाच प्रश्न होता, आणि देवाच्या गावात दुकान चालवणाऱ्या माणसाला तो सोपा होता. दुसऱ्या दिवसापासून दुकानावर कुणी विचारलं की हे सांगू लागले, जरा अंगात कसर आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय.

त्यानंतर आमचा अभ्यास जो सुरू झाला, तसा तो निरोगी मुलीचा कधी झाला नसता. तिला दुकानात बोलवता येईना. कुणाच्या हळदीला नेता येईना. पाहुणे गोधडीपाशी हळू आवाजात चौकशी करून परत जायचे. आत मोनिका कानात मोबाईलची बोंडं घालून ऐकत असायची. नारळपाणी यायचं, मोसंबी यायची, ती सगळं खायची आणि वाचायची.

‘‘कसं वाटतंय?’’ मी विचारायचे.

‘‘आजार बरा चाललाय,’’ ती म्हणायची.

परीक्षा पुण्याला होती. सकाळच्या एस.टी.ला आम्ही दोघी निघालो, तेव्हा भागूबाईंनी मोनिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘पुण्याला न्यावं लागलं म्हंजी मोठंच दिसतंय. पर तुमी धीर सोडू नका.’’ मी धीर आधीच सोडलेला होता, कारण वेगळं होतं.

कॉलेजात संगणकांची खोली. मोनिका आत गेली आणि खोलीचं काचेचं दार लागलं. मी बाहेर बाकावर. परीक्षा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तर एक मुलगा धापा टाकत आला आणि त्या दारावर ठोकू लागला. ठक ठक ठक. शिपायानं त्याला हाताला धरून बाजूला नेलं. मला त्या मुलाचं वाईट वाटलं. माझ्या मुलीचं वाटायला हवं होतं, ते नंतर कळलं.

परतीच्या एस.टी.त, सुपं गाव मागे पडेपर्यंत मोनिका खिडकीतून पाट्या वाचत होती. मग म्हणाली, ‘‘मम्मी, एका फितीत बाई बसची वाट बघत हुती. प्रश्न आला, बाई कुठं हाय. मी लिहिलं, घरात. कुणीतरी दार ठोकलं ना मधीच.’’

‘‘मग?’’

‘‘बाई बसस्टॉपवर हुती. उत्तर लिवल्यावर कळलं. बसस्टॉपला कुठं दार असतंय?’’

तो मुलगा, ती काच आणि माझा पोळपाट, सगळं एका क्षणात माझ्यासमोर आलं. इतके दिवस मी तिला दारावरची थाप ओळखायला शिकवली, आणि तिनं ती ओळखली. फक्त ती परीक्षेतली नव्हती. मी घरी येईपर्यंत रडू आवरून धरलं. गल्लीत शिरताना मात्र चेहऱ्यावर जे काय होतं ते लोकांनी पाहिलं. ‘‘रिपोर्ट कधी येनार?’’ भागूबाईंनी विचारलं. आठवड्यानं, मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

रिपोर्ट आला तो शनिवारी, ऐन गर्दीत. परीक्षा संपल्यामुळे मोनिका पुन्हा दुकानात बसू लागली होती आणि मोबाईल तिच्याकडेच होता. तिनं बघितला, खिशात ठेवला आणि एका गिऱ्हाइकाला माळ बांधून दिली. मला संध्याकाळी दिवे लावताना कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

‘‘निकाल काही कळला का गं?’’

‘‘लागला.’’

‘‘मग?’’

‘‘दोन्हींत पास. वाचनात लई चांगले हायेत. ऐकण्यात काठावर.’’

‘‘अगं, मग सकाळपासून सांगितलं का नाहीस?’’

तिनं भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी काय शब्द वापरला ते माझ्या लक्षात आलं. सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या.

गोधडी उतरवली. गल्लीत साखर वाटायला मी स्वतः गेले. भागूबाईंना म्हणाले, ‘‘रिपोर्ट चांगला आला. पुण्यात ॲडमिशन झालं.’’

त्यांनी साखर हातात घेतली आणि डोळ्यांना पदर लावला. ‘‘ॲडमिट केली म्हना की शेवटी. किती दिवस ठेवनारेत?’’

‘‘चार वर्षं.’’

‘‘देवा. कुठला दवाखाना?’’

मी कॉलेजचं नाव सांगितलं. ते मोठ्या दवाखान्याचंच आहे, त्यामुळे काही बिघडलं नाही. पुढचं समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी मला जवळ घेतलं.

वसतिगृहातल्या बाईंनी फोनवर सांगितलं, की खोलीसाठी कुलूप आपलं आपण आणायचं. हे सोनईला जाऊन घेऊन आले. काळ्या कापडाच्या पिशवीत गुंडाळून आणलं आणि दोन दिवस दुकानातच ठेवलं, घरात न्यायला त्यांचा पाय उचलेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ‘‘आण की. दार न्हाई तवर कुलपाला काय कळतंय आपन कुठं हाय ते.’’

मोनिकानं ते त्यांच्या ट्रंकेला लावून बघितलं. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. किल्ली गळ्यात अडकवून घेतली. ट्रंकेत सासूबाईंची मिश्री होती, ती त्यांना त्या दिवशी चार वेळा मागावी लागली.

परवा ती जाणार. आज बॅग भरताना मी तिला बजावत होते. रात्री आतून कडी घालायची. कुणी दार ठोठावलं तरी आधी कोण म्हणून विचारायचं, एकदम उघडायचं नाही. बाहेर पडताना किल्ली घेतली का बघायचं. ती कपडे घड्या घालत ऐकत होती, निदान तसं दिसत होतं.

‘‘मोने, लावशील ना आतून कडी?’’

‘‘बघू.’’

‘‘करमेल का गं तुला तिथं, बंद खोलीत?’’

तिनं हातातली घडी बॅगेत ठेवली. मला वाटलं, आता तरी हो किंवा नाही म्हणेल. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

‘‘मम्मी,’’ ती म्हणाली, ‘‘उताऱ्यात सांगितलेलं नाही.’’

आता सगळे झोपले आहेत. समोरचा कर्णा बंद आहे. गोधडी आम्ही तिच्या बॅगेत घातली, आणि पायरीवरून रस्ता सरळ दिसतोय.