ग्रुपवरचा सभ्य मेसेज

निवृत्त झाल्यावर गावाने मोबाइलवरच्या ग्रुपचं ॲडमिनपद माझ्या गळ्यात घातलं. शहाद्याच्या बाजूला आमचं गाव. "सर, तुम्ही ऱ्हायनात तं कोनीच वाह्यात बोलाव नही," असं सगळे म्हणाले आणि मी फुगलो. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस मी. निवडणुकीतलं बोलणं तपासायचं म्हणजे मला वह्या तपासण्यासारखंच वाटलं. नियम एकच ठेवला. शिवी दिसली की मेसेज उडवायचा, पुन्हा दिली की माणूस बाहेर.

त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या महिला जागेसाठी भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, एक बाई उभी राहिली. ऊसतोडीला जाणारी, माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. तिला लोक मत देतील असं दिसू लागलं होतं.

एके सकाळी विरोधी पॅनलच्या एका पदवीधराने मेसेज टाकला. 'आदरणीय ग्रामस्थांनो, ताईंविषयी संपूर्ण आदर राखून एक नम्र प्रश्न. पती आजारपणामुळे गावीच असताना, गेल्या हंगामात ताई गुजरातेत कोणाच्या आधाराने राहिल्या, हे जाणून घेण्याचा मतदारांना अधिकार नाही का?' शेवटी जोडलेले हात.

खरं सांगतो, मी आधी स्वल्पविराम बघितले. शिवी नाही, एकेरी उल्लेख नाही. खाली लिहिलं, 'छान. मतभेद असावेत, पण भाषा अशी असावी.' माझ्या उत्तरावर धडाधड अंगठे उमटले.

दुपारी तिच्या नवऱ्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्याला लिहिता येत नाही. अहिराणीत, थेट आईबहिणीवरून. त्याचा आवाज कापत होता. ते मला ऐकू आलं, तरी मी तो उडवला. त्याने पुन्हा पाठवला, तेव्हा त्याला ग्रुपबाहेर काढलं. नंतर मी निवांत झोपलोसुद्धा. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी तिने शहाद्याला जाऊन अर्ज मागे घेतला. परतताना माझ्या ओट्यापाशी थांबली. बस म्हटलं, तर बसली नाही. मीच सारवासारव करू लागलो, "अगं, तुझ्या नवऱ्याने शिव्या दिल्या, मला काढावंच लागलं."

"शिव्यासनं काही नही, सर. त्या आम्हले रोजन्याच शेतस."

"मग अर्ज का मागे घेतलास?"

 

"मन्ही पोर चौथीले शे," ती म्हणाली. "तिनी तो मेसेज वाचा. खाले तुम्हनं छान वाचं. माले इचारस, आई, सरसनी छान म्हनं, मंग ते खरं शे ना? मी नही म्हनं. तिले पटनं नही."