गेटावरचा माझा फोटो

नव्या वॉचमननं काठी आडवी धरली. "कुणाकडं जायाचं हाय?"

मी वर बोट केलं. कॉलेजच्या कमानीवर भलामोठा फ्लेक्स लावलेला. कोपऱ्यात हात जोडलेले संस्थेचे साहेब आणि मधोमध मी. डोक्याला गुलाबी फेटा, हातात नारळ. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'आमच्या संस्थेचा अभिमान, अल्पसंख्याक समाजाची गुणवंत कन्या'.

त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "त्या पोरीला फेटा हाय," म्हणाला. "तू बाजूला हो. गाड्या याय लागल्यात."

गाड्या खरंच येत होत्या. ॲडमिशनचे दिवस होते. काठी वर जायची, गाडी आत जायची. काचेआडून माझ्याच वयाची पोरं बाहेर बघायची आणि आम्ही दोघं, मी आणि अब्बा, भिंतीला चिकटून उभे.

"आमास्नी साहेबांनी बोलावलंय," अब्बा म्हणाले.

"साहेब समद्यांस्नीच बोलावत्यात, पावणं."

तो फ्लेक्स अब्बांनीच बांधला होता. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गाठी मारून. आणि त्याच्याच सावलीत ते आता शर्टाची कॉलर नीट करत उभे होते.

अब्बा मांडव घालतात. धंदा शेठचा, घाम अब्बांचा. साहेबांच्या संस्थेचा कुठलाही कार्यक्रम असो, वासे रोवायला अब्बाच. वाढदिवस, उद्घाटन, सत्कार. साहेब जाता जाता खांद्यावर हात ठेवायचे, की त्या दिवशी अब्बा घरी येऊन दोन भाकरी जास्त खायचे. कळंब्यात आमच्या गल्लीत साहेबांचं नाव त्यांच्याइतक्या वेळा कुणीच घेत नसेल.

बारावीला मला चांगले मार्क पडले. सीईटीतही पडले. मला फार्मसी करायची होती. अम्मीच्या गोळ्यांची पाकिटं वाचत वाचत मी मोठी झाले, त्यात काय असतं आणि ते कशानं काम करतं हे मला कळून घ्यायचं होतं. एवढंच माझं स्वप्न. फार मोठं नव्हतं.

साहेबांनी सत्कार ठेवला. सकाळी अब्बांनी मांडव घातला, दुपारी आंघोळ करून त्याच मांडवात पहिल्या रांगेत बसले. स्टेजमागं फेटा बांधणारा मला म्हणाला, "ओढणी काढून ठेव, फेटा बसंना." मी काढली. अम्मीनं ती घडी घालून पिशवीत ठेवली.

साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक घेतला. "ही आजपासनं माझी लेक. हिनं कुठंबी जायाचं न्हाय. फार्मसी आपल्याच कॉलेजात. हिच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी माझी. हा माझा शब्द हाय."

टाळ्या पडल्या. अब्बा उभे राहून रडत होते. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मग सरकारी प्रवेशफेरी सुरू झाली. ऑनलाइन नाव नोंदवायचं, कॉलेजं क्रमानं निवडायची, मार्कांवर जागा मिळायची. आमच्यासारख्या मुलींना त्या फेरीतून गेलं तर फीमाफी. माझे मार्क बघून नेट कॅफेवाल्या ताई म्हणाल्या, "तुझा नंबर कोल्हापुरातच लागतोय बघ, आजच भरून टाक."

अब्बांनी भरू दिलं नाही.

"साहेबांनी चारचौघांत शब्द दिलाय, फारम कशाला लागतोय?" ते म्हणाले. "आता तू दुसऱ्या कॉलेजांची नावं टाकणार? त्यांच्या कानावर गेलं तर काय वाटंल? इस्वास न्हाय म्हणून सांगितल्यागत हुईल."

"भरून ठेवू या की अब्बा. नको असलं तर सोडू."

"अगं, आमच्यात मांडवाची सुपारी शब्दावर असती. कागुद करतोय व्हय आमी? तारीख सांगितली की वासं पडलंच पायजेत. मानसाची जबान हाय ती."

हे खरं होतं. लग्नाच्या तारखेला अब्बा तापात असले तरी मांडव उभा राहायचा. शब्द म्हणजे काय हे त्यांना तेवढंच माहीत होतं, आणि साहेबांनाही तेवढंच माहीत असणार असं ते धरून चालले. मी फॉर्म सोडून दिला. बापाचा शब्द मोडायचा आमच्यात रिवाज नाही.

एक फेरी गेली, दुसरी गेली. आम्ही कॉलेजात हेलपाटे घालत होतो. साहेब मुंबईला आहेत. साहेब मीटिंगमध्ये आहेत. फेऱ्या संपू द्या, मग बघू. शेवटी फेऱ्या संपल्या आणि निरोप आला, या. म्हणून आम्ही त्या दिवशी गेटावर उभे होतो.

बऱ्याच वेळानं आत सोडलं. ऑफिसात साहेबांचे पीए बसलेले. अब्बांना खुर्ची दिली नाही. मला म्हणाले, "सरकारी फेरीतनं का नाही आलीस?"

"साहेबांनी जागा देतो म्हटलं होतं."

"आता फक्त मॅनेजमेंट कोट्यातली जागा आहे. त्याला फीमाफी नाही. पूर्ण फी, आणि डोनेशन वेगळं."

अब्बा म्हणाले, "पर साहेबांनी माईकवर सांगितलं हुतं."

पीए हसले. वाईट हसले असंही नाही, लहान पोराच्या बोलण्याला हसतात तसे. "अहो, साहेब प्रत्येक सत्कारात तेच बोलतात. भाषण असतंय ते. तुम्ही लगेच खरं धरून बसलात?" मग माझ्याकडं वळून, "तसंबी तुमच्यात पोरींची लग्नं लवकरच होतात की. एखादा छोटा कोर्स बघ."

माझे कान तापले. मी अब्बांचा हात धरला आणि दाराकडं वळले.

गेटाबाहेर पडतो तर समोर साहेब, गाडीत बसत होते. अब्बा धावले. साहेबांनी ओळखलं, अब्बांना. "काय रं, परवाच्या कार्यक्रमाचा मांडव झाला का?" मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही कोण? पोरगी का तुझी? शिकतीया का न्हाय?"

त्यांच्या डोक्यावर, कमानीवर, माझा तोंडभर हसणारा फोटो होता.

"हीच की ती, साहेब," अब्बा म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "तुमची लेक म्हणाला हुतासा."

"हां, हां. बघू. करू कायतरी." दार लागलं. गाडी गेली. वॉचमननं सलाम ठोकला.

बसमध्ये अब्बा खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, शिव्या घालतील, निदान नशिबाला तरी बोल लावतील. ते एवढंच म्हणाले, "मी तुला भरू द्याला पायजे हुतं." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण नाही आला. ज्यानं शब्द पाळला नाही त्याच्यावर राग आहे. ज्यानं शब्दावर विश्वास ठेवला त्याच्यावर मी का रागावू?

मी औषधाच्या दुकानात कामाला लागले. फ्लेक्स मात्र जागचा हलला नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "कॉलेज कसं चाललंय गं?" त्या फोटोकडं बघून दुसऱ्या गल्लीतली एक मुलगी त्याच कॉलेजात गेली, तिच्या आईनं मला सांगितलं. तुला घेतलंय म्हणजे आमच्या पोरीलाबी घेतील, म्हणाली. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. माझं तोंड दाखवून ते आमच्यातली माणसं गोळा करत होते.

शेठच्या गोडाऊनमधून अब्बांचा घोडा, म्हणजे मांडवाची उंच शिडी, आणि कोयता घेतला. अब्बांना सांगितलं, फ्लेक्स उतरवायचाय. ते घोड्याच्या पायऱ्या हातानं तपासत राहिले. मग म्हणाले, "काम जाईल माझं."

"मग फ्लेक्स राहू दे का?"

त्यांनी घोड्याचं एक टोक उचललं.

भर दुपारी, कॉलेज सुटायच्या वेळी, मी कमानीवर चढले. वॉचमन धावत आला. "ए! कुणाला इचारून?"

"फोटो कुणाचा हाय?" मी वरूनच विचारलं. "बघ नीट. आज फेटा न्हाय माझ्या डोक्याला."

त्यानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. काठी खाली गेली.

अब्बांच्या गाठी सहसा सुटत नाहीत. मी एकेक कापली. खाली पोरं मोबाईल काढून उभी होती, अब्बा घोडा घट्ट धरून. शेवटची दोरी तुटली तेव्हा साहेबांचे जोडलेले हात आधी खाली आले.

अब्बांचं शेठकडचं काम गेलं. आता ते दुसऱ्या शेठकडं जातात. फ्लेक्स आमच्या छपरावर आहे, आता पावसात घर गळत नाही. यंदा मी पुन्हा सीईटीला बसतेय. गल्लीत कुणाला फेट्याचं आमंत्रण आलं की मी त्या घरात जाते आणि सांगते, आधी फेरीचा फॉर्म भरा, मग खुशाल टाळ्या घ्या.

माझाही फॉर्म मीच भरणार आहे. कॉलेजांच्या क्रमात पहिलं नाव त्याच कॉलेजचं टाकणार. बाकीचे म्हणतात, कशाला परत त्यांच्या दारात? दार त्यांचं नाही. माझ्या मार्कांवर, सरकारी फेरीतून, फी न भरता मला त्या गेटातून आत जायचंय. साहेबांची गाडी मागं थांबलेली असली तरी आधी मी जाणार.