मास्तरांनी कात्री दिली तो मंगळवार

माझा दादा शिंपी. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात, मात्र आयुष्यात त्याने कुणाला काही शिकवलेलं नाही. माप आज घेतलं तर कापडाला कात्री उद्या, हा त्याचा नेम. रात्र मधे गेल्याशिवाय हा गृहस्थ काही ठरवतच नाही. लग्नाला होकार द्यायला त्याने आठ महिने घेतले. तोवर वहिनी थांबली, हा तिचा मोठेपणा की वेंधळेपणा, याचा निकाल अजून लागायचाय.

त्या मंगळवारच्या चार महिने आधी हा माणूस आतून विझायला लागला. ताटात अर्धं जेवण, डोळ्यांत झोप नाही, मशीनवर बसायचा पण पाय हलायचे नाहीत. आमचं घराणं पडलं शहाण्यांचं, त्यामुळे इलाज फुकट सुरू झाले. काकांनी पहाटे पळायला सांगितलं. वहिनीच्या भावाने 'तुम्हाला कमी काय आहे?' असं विचारलं, जणू दादा यादी करून बसला होता. मी म्हटलं, मन घट्ट कर. मन म्हणजे पायजम्याची नाडीच ना, ओढली की घट्ट! एकदा तो म्हणाला, "छातीत सतत कुणीतरी पिळतंय गं. दिसत नाही एवढंच." मी त्याला पित्ताची गोळी दिली.

मग एका मंगळवारी सकाळी नऊला तो दारात उभा, हातात घरची शिलाई मशीन. तुला ठेव, म्हणाला. त्या मशीनवर माझा दहा वर्षं डोळा होता. त्याचा चेहरा कधी नव्हे इतका शांत होता. तो गेल्यावर मी वहिनीला फोन करून कळवलं, दादा सुधारला. माझ्या अकलेची उंची ही एवढी.

बाराच्या सुमारास दादाच्या दुकानासमोरचा टेलर आला. दादाचं आणि त्याचं वीस वर्षांचं वैर. त्याची शिलाई टिकत नाही म्हणून दादाने त्याचं नाव उसवण्या ठेवलेलं. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली दादाची कात्री होती.

"ताई, मास्तर सकाळी ही देऊन गेले," तो म्हणाला. "आम्हा शिंप्यांत कात्री बायकोलाही धरू देत नाहीत. मला का दिली? माझ्या बायकोला माप द्यायला त्यांच्यापुढे उभं करून आलोय. तुम्ही चला."

रक्ताच्या माणसांना मशीन दिसली, वैऱ्याला माणूस दिसला. मी चप्पल न घालताच धावले.

दुकानात उसवण्याची बायको चौथ्यांदा खांद्याचं माप देत होती. मी तिला बाहेर पाठवलं आणि दादासमोर बसले. विचारलं तर नको ते डोक्यात भरेल, या भीतीने चार महिने आम्ही गप्प होतो. भरायला तिथे जागा उरली होती कुठे!

"दादा, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

त्याने बराच वेळ टेप बोटाला गुंडाळला. "आज सकाळी चहा पिताना ठरवलं," तो म्हणाला. "मरायचंय असं नाही गं. हे दुखणं थांबायला हवंय."

कॉलरचा आकार ठरवायला ज्याला रात्र लागते, त्याने हे एका कपात ठरवलं होतं. मी उपदेश केला नाही. मी फक्त त्याचा हात धरून ठेवला.

उसवण्याने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दादाचं आधी नीट ऐकून घेतलं, मग आम्हाला सांगितलं, की दुखणं महिनोन्‌महिने साचतं पण असा निर्णय मिनिटांत होतो. ती लाट ओसरते. ओसरेपर्यंत यांना एकटं सोडायचं नाही, औषध चुकवायचं नाही आणि दर आठवड्याला यायचं. काकांच्या पळण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून रात्री वहिनी आणि दिवसा मी, अशा पाळ्या लागल्या. गोळ्याही दादासारख्याच, लागू पडायचं ठरवायला वेळ घेणाऱ्या. मी रोज दुकानात बसून बटणं लावायचे आणि रोज विचारायचे, आज ते मनात आलं का? कधी हो म्हणायचा, कधी नाही. हो म्हणाला की आम्ही त्याच पावली डॉक्टरीणबाईंकडे.

चौथ्या आठवड्यात त्याने माझ्या हातातला सदरा ओढून घेतला. "हे बटण कुठल्या गाढवाने लावलंय?" तो माझ्यावर खेकसला.

पाच महिन्यांत त्याला पहिल्यांदा कशाचा तरी राग आला होता. मला रडू कोसळलं. मग नाक पुसलं आणि पुढचंही बटण वाकडंच लावलं.